१५ वर्षांच्या गाडीचं पासिंग: बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

बाबांची गाडी २००८ च्या दिवाळीतली. २०२३ मध्ये तिची नोंदणी संपत आली तेव्हा पासिंगची, म्हणजे नोंदणी वाढवण्याआधीच्या तपासणीची, धावपळ माझ्या वाट्याला आली. पहिल्या फेरीत गाडी परत आली. हँडब्रेक धरत नव्हता, डावा हेडलाईट आकाशाकडे बघत होता आणि चेसिस नंबर वाचता येत नव्हता. आधी गॅरेजला नेली होती, तिथे "बेन, बधुं बराबर छे" (ताई, सगळं ठीक आहे) असं ऐकून मी निर्धास्त झाले होते. गाडी लिफ्टवर घेतलीच गेली नव्हती, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतचे नातेवाईक आणि शेजारी पासिंग जवळ आलं की मला फोन करतात. त्यांचेच हे प्रश्न, आणि प्रत्येकाला मी जे सांगते ते.

आमची गाडी घरची आहे, टॅक्सी नाही. तिला कसली तपासणी?

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षांपुरतीच असते. पुढे ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि वाढवण्याआधी गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते पाहिलं जातं. तारीख आरसी बुकात असते. एमपरिवहन ॲपमध्ये "फिटनेस" समोर दिसते तीही हीच तारीख.

पण आम्ही लाईफटाईम टॅक्स भरलाय की!

टॅक्स वेगळा, नोंदणी वेगळी. "लाईफटाईम" या शब्दाने बऱ्याच जणांची फसगत होते. काकांनी त्याच समजुतीत दोन वर्षं मुदत संपलेली गाडी चालवली. कोणी अडवलं नाही म्हणून कळलं नाही, आणि कळलं ते विम्याचं नूतनीकरण करताना.

मुदत संपल्यावर थोडे दिवस चालवली तर काय होतं?

चालवू नका. दंड तर आहेच, पण मला जास्त भीती विम्याची वाटते. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली एक गाडी चोरीला गेली होती, तिची भरपाई विमा कंपनीने नाकारली. ते नाकारणं योग्य आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. हप्ते वेळेवर भरूनही ऐन वेळी हात रिकामे राहू शकतात. गाडी घरी उभी ठेवा, रिक्षाने फिरा आणि आधी कागद पुरे करा.

अर्ज कधी करायचा?

मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, फॉर्म २५ मध्ये, परिवहनच्या वाहन पोर्टलवर. गाडीची तयारी मात्र त्याच्याही आधी सुरू करा. दिवाळीत घेतलेल्या गाड्यांचे हे ६० दिवस नेमके पावसाळ्याच्या शेवटी येतात. तेव्हा गाडीचं पोट चिखलाने भरलेलं असतं, गंज दिसत नाही, आणि पत्र्याचं काम करणारे पुरात भिजलेल्या गाड्यांत अडकलेले असतात. मी सगळ्यांना मे महिन्यातच गाडी लिफ्टवर चढवायला सांगते.

खर्च किती येतो?

१ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ती १०,००० केली गेली. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. हे आकडे गेल्या काही वर्षांत वरचेवर बदलले आहेत, म्हणून पैसे भरताना पोर्टल जो आकडा दाखवेल तोच खरा. दुरुस्तीचा खर्च गाडीगणिक वेगळा. आमच्या गाडीत फीपेक्षा दुरुस्तीलाच जास्त गेले, आणि त्यातला एकही रुपया वाया गेला असं मला वाटत नाही.

कागदपत्रं कोणती?

आरसी, चालू विमा, चालू पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र), ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फॉर्म २५ आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. यादी छोटी असली तरी अडकायला होतं ते तीन ठिकाणी.

पहिलं, मोबाईल नंबर. पोर्टलचा ओटीपी आरसीला जोडलेल्या नंबरावर जातो, आणि १५ वर्षांपूर्वीचा नंबर आज कुणाकडे असतो? तो आधी बदलून घ्या.

दुसरं, कर्जाचा बोजा. हप्ते कधीच फिटलेले असतात, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ आणून तो बोजा उतरवावा लागतो. मधल्या काळात बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर कागद शोधण्यातच महिना जातो.

तिसरं, मालक हयात नसणं. गाडी आजोबांच्या नावावर आणि चालवतो नातू, असं आपल्याकडे घरोघर आहे. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करा, मग पासिंग.

चेसिस नंबर साफ कसा करायचा?

हळूच. हे मी सगळ्यांना दोनदा सांगते, कारण इथली चूक महागात पडते.

नंबर पत्र्यात ठोकलेला असतो. काही गाड्यांत बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर, काहींत पुढच्या सीटखाली, नक्की कुठे ते गाडीच्या पुस्तिकेत सापडेल. आमच्या गाडीत तो बॉनेटखाली होता, वर धुळीचा आणि तेलाचा काळा थर. मी जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून गोल गोल फिरवला, फडक्याने टिपलं, परत फिरवला. चौथ्या वेळी एकेक अक्षर वर यायला लागलं. शेवटचे दोन आकडे गंजाने धरले होते, त्यांना रात्रभर तेल लावून ठेवलं आणि सकाळी पुसलं.

पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ग्राइंडर यांतलं काहीही लावायचं नाही. आकड्याची कड झिजली की नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो, आणि तो दूर करताना तुमच्या तोंडाला फेस येईल. नंबर खरोखरच गंजून गेला असेल तर आरटीओची परवानगी घेऊनच तो पुन्हा ठोकता येतो. गॅरेजमध्ये परस्पर ठोकून घेऊ नका. इंजिन नंबरही असाच पुसून ठेवा. आणि पांढऱ्या कागदावर पेन्सिल फिरवून ठसा घरीच काढून बघा, म्हणजे तिथे फजिती होत नाही.

खालून काय बघायचं?

गाडी लिफ्टवर चढवायला लावा आणि स्वतः खाली उभे राहा. दारांखालचा लांब पत्रा, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, मागच्या सस्पेन्शनचे जोड आणि सायलेन्सरचे हँगर, या जागा आधी बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला बद्द आवाज करतो. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या चाकापुढे, वरून रंग अगदी धड होता आणि पेचकसचं टोक थेट आत गेलं. बाबा शेजारी उभे होते, त्यांना फार लागलं ते.

असा पत्रा कापून नवीन तुकडा वेल्ड करावा लागतो. पुटी भरून वर काळा अंडरकोट मारायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. बाजूने धडक बसली तर तीच जागा तुम्हाला वाचवणार असते.

याच वेळी स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि टाय रॉड हलवून बघायला सांगा, शॉक ॲब्सॉर्बरवर तेल उतरलंय का ते बघा, आणि ड्राइव्ह शाफ्टची रबरं फाटलीत का तेही.

२०२४ च्या पुरात आमची गाडी बुडाली होती. ती पास होईल का?

होऊ शकते, पण तिच्याकडे जास्त कसून बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट असताना पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं आणि शेकडो घरांच्या पार्किंगमध्ये गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात राहिल्या. इंजिन उघडून साफ केलं, सीट वाळवल्या, गाडी सुरू झाली, आणि लोकांनी विषय मिटवला. पण विश्वामित्रीचा गाळ फार बारीक असतो. तो पोकळ जागांत जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो, आणि पत्रा आतून बाहेर असा कुजत येतो.

आत्येभावाची गाडी मुजमहुड्याला बुडाली होती. दीड वर्षाने आम्ही पुढचं कार्पेट उचललं तर खालचा फोम हाताला ओलसर लागला. फरशीतलं रबरी बूच काढलं आणि चहाच्या कपभर सुका गाळ खाली पडला. वरून गाडीला नुसता कुबट वास होता, बाकी काही नाही.

तेव्हा कार्पेट पूर्ण उचला. सीटखालचे वायरिंगचे जोड उघडून हिरवा थर आलाय का बघा, कारण एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या वायरी तिथूनच जातात. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा जळत राहिला तर तो "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, चालेल" म्हणून सोडू नका. मागचे ब्रेक ड्रम उघडा, हँडब्रेकची केबल आतून गंजलेली सापडेल. चाकांचे बेअरिंग घरघरतात का ऐका. ब्रेक ऑइल तर बदलाच.

ब्रेक लागतात की व्यवस्थित. अजून काय बघायचं?

रस्त्यावर "लागतात" आणि यंत्रावर "सारखे लागतात" यात फरक आहे. स्वयंचलित चाचणी केंद्रात गाडीची चाकं रोलरवर ठेवतात आणि डाव्या-उजव्या चाकाची पकड वेगवेगळी मोजतात. एका बाजूचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) जॅम असेल तर तुम्हाला पायाखाली कळत नाही, यंत्राला कळतं. रिकाम्या रस्त्यावर, पाठीमागे कोणी नसताना, कमी वेगात जोरात ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढली गेली तर कॅलिपर उघडायची वेळ झाली.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. जुन्या गाड्यांत ते चहासारखं तपकिरी झालेलं असतं. हँडब्रेकसाठी चढ शोधा. आपल्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा ओव्हरब्रिज, तिथे नका थांबू. सोसायटीच्या तळघराचा रॅम्प पुरे. हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकजवळच ठेवून गिअर काढा, गाडी तसूभरही सरकता कामा नये.

हेडलाईट पिवळे पडलेत. नवीनच घ्यावे लागतील का?

बहुतेक वेळा नाही. पिवळा पडतो तो वरचा प्लास्टिकचा थर. हजार आणि मग दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावत घासून, पॉलिश करून वर क्लिअर कोट दिला की काच स्वच्छ होते. टूथपेस्टनेही चमकते, पण काही आठवडेच.

रोख मात्र तपासा. गाडी सपाट जागी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करून लो बीम लावा. दोन्ही प्रकाशांची वरची कड सारख्या उंचीवर आणि दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली हवी. डावीकडे ती जरा वर चढलेली असते, ते बरोबर आहे, कारण आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवला असेल तर काढून टाका. त्या दिव्याचा आरसा त्या बल्बसाठी बनलेलाच नसतो, प्रकाश विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. हालोल रोडला रात्री एकदा समोरून असा दिवा आला की कळतं.

ब्रेक लाईट, रिव्हर्स, इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा: घरातल्या कोणाला तरी मागे उभं करून सगळे एकदा बघून घ्या.

टायर किती झिजलेले चालतात?

नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. मोजायला काही लागत नाही. टायरच्या खाचांमध्ये आडव्या बारीक पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्या पट्टीच्या पातळीवर आली की टायर संपला. आतली कड हात घालून चाचपा, अलाइनमेंट बिघडलं की झीज आतूनच होते आणि उभ्याने दिसत नाही. टायरवर चार आकडी तारीखही असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी फिरलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही भेगाळतात. स्टेपनीही बघा.

पीयूसी मिळेल ना जुन्या गाडीला?

इंजिन सुस्थितीत असेल तर मिळते. पेट्रोलच्या बीएस-२ आणि बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषण नियमांचा टप्पा) मोटारींना कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे, बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २००. डिझेलचा धूर मोजतात: बीएस-४ च्या आधीच्यांना ६५ एकक, बीएस-४ ला ५०. बीएस-४ पासून पुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, आधीच्यांची सहा महिने.

जायच्या आधी एअर फिल्टर बदला, प्लग बघा, इंजिन ऑइल जुनं असेल तर तेही. आणि गाडी गरम करून न्या. आजवा रोडने १५-२० किलोमीटर चक्कर मारून सरळ पीयूसी केंद्रात जा. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, घरातून थंड गाडी नेली की आकडे उगाच वर दिसतात. डिझेलवाल्यांनी आधी ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्टचं वय बघायचं. धुराच्या चाचणीत ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा पूर्ण दाबतात, म्हातारा बेल्ट तेव्हाच तुटायचा.

सीएनजी किट बाहेरून बसवलंय.

ते आरसीवर चढलेलं हवं, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी व्हायला हवी. टेस्टचं सर्टिफिकेट आणि गाडीवरची पट्टी दोन्ही चालू तारखेची ठेवा. हे नुसतं पासिंगसाठी सांगत नाही. तो सिलिंडर तुमच्या मुलांच्या पाठीमागे असतो.

काळी फिल्म, गार्ड, मोठा हॉर्न?

काढा. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. पुढचा लोखंडी बुल गार्ड बेकायदेशीर आहे, पायी चालणाऱ्याचा जीव घेतो. सुरेल हॉर्नही चालत नाही. गाडीचा रंग बदलला असेल तर आरसीत तशी नोंद हवी. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पुढे-मागे दोन्हीकडे हवी.

गाडी एमएच-१२ आहे, पुण्याहून आणली. पासिंग इथे होईल?

एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत लागते. मुदत संपत आलेल्या गाडीत ही दोन कामं एकमेकांत अडकतात, म्हणून नंबराचं काम वर्षभर आधी उरका.

१५ वर्षांनंतर गाडी भंगारातच काढावी लागते ना?

गुजरातमध्ये नाही. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातला. तिथल्या बातम्या पाहून इथे घाबरून गाडी मातीमोल विकू नका.

एजंटला देऊन टाकलं तर?

कागदाला मदत घ्या हवी तर, पण गाडीबरोबर स्वतः जा. तपासणारा माणूस कुठे हात लावतो, कशावर थांबतो, ते बघण्यासारखं असतं. "गाडी न बघता पास करून देतो" म्हणणाऱ्याच्या वाटेलाही जाऊ नका. मुलांना शाळेत सोडणारी गाडी आहे ती.

टॅक्सीचं काय?

नव्या टॅक्सीला दोन वर्षांचं फिटनेस मिळतं. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी.

तपासणीच्या दिवशी काय लक्षात ठेवायचं?

पोर्टलवर तारीख घेताना जे ठिकाण दाखवलं असेल तिथेच जा. दरजिपुऱ्याचं आरटीओ कार्यालय ठरलेलंच आहे असं धरून निघू नका. गाडी धुतलेली हवी, खालूनही. डिकी रिकामी, स्टेपनी, जॅक, पाना आणि लाल त्रिकोण जागेवर. वायपरची रबरं नवीन, काच धुवायच्या टाकीत पाणी. सगळे सीटबेल्ट ओढून, लावून, सोडून बघितलेले. डॅशबोर्डवर एकही इशाऱ्याचा दिवा जळत नसावा.

नापास झाली तर?

दोष लेखी मागून घ्या आणि तेवढे नीट करून पुन्हा न्या. आमचं तसंच झालं. हँडब्रेकची केबल, दिव्याचा रोख, चेसिस नंबर आणि तो कुजलेला पत्रा. पत्र्याबद्दल तिथे कोणी काही म्हटलं नव्हतं, तो आम्हाला दुसऱ्या गॅरेजच्या लिफ्टवर सापडला. तो आधी केला, मग बाकीचं. दुसऱ्या फेरीत गाडी पास झाली.

दुरुस्ती परवडण्यासारखी नाही. गाडीचं काय करू?

ओळखीच्या भंगारवाल्याला देऊ नका. तुमच्या नंबरची गाडी कुठे फिरते ते तुम्हाला कळणारही नाही. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. हे धोरण १३ ऑगस्ट २०२१ ला आपल्या गांधीनगरमध्येच जाहीर झालं होतं. केंद्र तुम्हाला गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र देतं. ते दाखवलं की नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि राज्याच्या निर्णयाप्रमाणे टॅक्सात सवलत मिळते. आरसी रद्द झाल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा, आणि त्याच दिवशी फास्टॅगही बंद करा.